शाळेत येणारा डबा : दांडिया बाजारातील एका स्वयंपाकघराचा सहा आठवड्यांचा अनुभव

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागात सात-आठ मराठी भगिनींनी मिळून चालविलेल्या एका स्वयंपाकघरातून गेल्या जूनपासून आमच्याकडील एका शाळेला दुपारचे जेवण पुरविले जाते. माझा नातू तेथे चौथीत शिकतो आणि माझी स्वतःची तीस वर्षे पोषणशास्त्र शिकविण्यात गेली आहेत, त्यामुळे शाळेची परवानगी काढून मी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या पंगतीशेजारी बसले. डब्याला पंचेचाळीस रुपये पडतात. त्यांतले पंचवीस पालक देतात, उरलेले शाळेचे विश्वस्त भरतात.

पहिल्याच दिवशी मी एक डबा घरी आणून वजनकाट्यावर ठेवला. तीन मध्यम फुलके, वाटीभर चवळीची उसळ, थोडा भात, काकडीची कोशिंबीर आणि लिंबाची एक फोड, असा ऐवज निघाला. माझ्या हिशेबाने त्यातून साडेचारशेच्या आसपास कॅलरी आणि पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. सरकारी शाळांत दुपारचे जेवण देणाऱ्या पंतप्रधान पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे, तेव्हा लहान मुलांपुरता हा डबा नुसता पोटभरीचा नाही, तर पुरेसा आहे. लिंबाची फोड पाहून मला विशेष आनंद झाला. कडधान्यातले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. त्यावर लिंबू पिळले, किंवा कडधान्याला मोड आणले, तर ते अधिक लागते. हे वर्गात सांगणे सोपे असते, पण रोज पावणेदोनशे डब्यांत पावणेदोनशे फोडी आठवणीने घालणे हे मन लावून केलेले काम आहे. मंगळवारी मोड आलेली मटकी असते आणि गुरुवारी बाजरीची भाकरी. शनिवारी शेंगदाण्याची चिक्की मिळते, आणि त्या दिवशी हजेरीचा पट सर्वांत भरलेला असतो, असे वर्गशिक्षिकांनी मला दाखविले.

शाळेतल्या जेवणाविषयी शिकविताना मी केप व्हर्देचे उदाहरण हटकून देत असे, आणि या पंगतीत बसल्यावर ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील दहा बेटांचा, जेमतेम पाच लाख वस्तीचा हा देश. पाऊस बेभरवशाचा, लागवडीजोगी जमीन थोडी, आणि खाण्याचे बहुतेक जिन्नस बोटीने बाहेरून आणावे लागणारे. १९४०च्या दशकात लागोपाठ पडलेल्या दुष्काळांत तेथे हजारो माणसे भुकेने दगावली. १९७५ साली पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळाले आणि १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने शाळांमधून शिजविलेले जेवण सुरू झाले. मला त्या देशाचे खरे मोल वाटते ते पुढच्या गोष्टीसाठी : २०१० साली त्या कार्यक्रमाची मदत थांबली, तेव्हा सरकारने ही योजना गुंडाळली नाही, तर स्वतःच्या अंगावर घेतली, आणि पालकांच्या अल्प वर्गणीचीही तीत जोड राहिली. मका आणि घेवड्याच्या दाण्यांची कचुपा नावाची खिचडीसारखी पाककृती तेथे घरोघर होते. धान्य आणि कडधान्य एकत्र शिजविले की प्रथिनांची प्रत सुधारते, हे आपल्या वरण-भाताइतकेच तिलाही लागू आहे.

जेवण आणि शिकणे यांची सांगड वडोदऱ्याला नवी नाही. महाराज सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. मूल शाळेत येणे कायद्याने साधते, पण रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाचे लक्ष फळ्यावर टिकत नाही; गुजरातने १९८४ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले, ते याच जाणिवेतून.

या सेवेत मला सर्वांत मोलाचे वाटले ते वाढणे. डबे मुलांच्या हाती देऊन गाडी निघून जात नाही. दोन मावश्या थांबतात आणि वरणाचे ओगराळे घेऊन पंगतीतून फिरतात. पहिलीतली एक मुलगी घरी मराठी बोलते, शाळा मात्र गुजराती माध्यमाची, आणि वर्गात ती तोंड उघडत नाही अशी बाईंची तक्रार होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मावशींना, “उसळ नको, वरण वाढा, पण आंबट असेल तर नको,” असे ठणकावून सांगितलेले मी स्वतः ऐकले. केप व्हर्देतही मूल घरी क्रिओल ही पोर्तुगीजमधून घडलेली तिथली बोली बोलते आणि शाळेत पोर्तुगीज शिकते; तेथेही सुट्टीत आपल्या बोलीत विचारपूस करणारे कोणी भेटले तर मुलाला केवढा आधार वाटत असेल, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. शाळा आठवीपर्यंत आहे, आणि पाचवर्षीय मुलाला जो डबा तोच तेरा वर्षांच्या मुलाला मिळतो. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण आहे. त्या मानाने हा डबा फारच अपुरा पडतो, आणि मोठी मुले सुट्टीनंतर फाटकाबाहेर शेव-उसळीच्या गाडीवर जातात. पालेभाजी सहा आठवड्यांत मी उणेपुरे चार वेळा पाहिली. बटाटा मात्र आठवड्यातून दोनदा असतोच. एका सोमवारी चवळी कच्ची राहिली होती. त्या दिवशी परत आलेले डबे मी उघडून पाहिले, तर निम्म्यांहून अधिक डब्यांत उसळ तशीच होती. तितक्या मुलांची त्या दिवसाची प्रथिने बादलीत गेली, याचे मला फार वाईट वाटले.

ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा शहरातले व्यवहार दिवसचे दिवस ठप्प झाले होते. तसे पुन्हा घडले आणि शाळा भरली पण गाडी पोहोचू शकली नाही, तर काय करणार, असे मी विचारले. त्याची तजवीज नाही, असे प्रांजळ उत्तर मिळाले. शाळेत पत्र्याच्या डब्यांतून फुटाणे, चुरमुरे आणि चिक्की असा दोन दिवसांचा साठा ठेवावा, असे मी सुचविले आहे.

स्वयंपाकघराच्या प्रमुख ताईंनी माझे सारे टिपण शांतपणे वाचले. दिवाळीनंतर मोठ्या मुलांसाठी पाच फुलके आणि दीड वाटी उसळ असा वेगळा डबा द्यायचा, त्याचे पंधरा रुपये अधिक घ्यायचे, आणि बुधवारचा बटाटा बंद करून मेथी किंवा पालक घालायचा, असे त्यांनी कबूल केले आहे. नातवाचे पैसे मी मार्चअखेरपर्यंतचे भरले आहेत, आणि मेथीच्या पहिल्या बुधवारी परत आलेले डबे उघडून पाहायला मी जाणार आहे.