केपरबेरी: व्हिनेगरमधलं फळ आणि मिठातली कळी

भूमध्य समुद्राकाठी जिथे माती नसल्यात जमा असते, तिथे कड्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या फटीत केपरचं झुडूप वाढतं. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीतही ते उगवलेलं आहे. पिझ्झावरच्या हिरव्या गोळ्या म्हणजे त्याच्या मिटलेल्या कळ्या. फूल उमलून गेलं की धरतं ते फळ म्हणजे केपरबेरी. आषाढी द्वादशीला वाघाटीची भाजी करणाऱ्या घरांना ही चव अगदी परकी वाटणार नाही. वाघाटी त्याचीच बहीण.

व्हिनेगरमधली स्पॅनिश केपरबेरी जरूर घ्यावी, पण बाटली उजेडात धरून. फळं द्राक्षाएवढी किंवा लहान, देठासकट आणि टणक हवीत. मोठ्या फळात बिया दाताला खड्यासारख्या लागतात. लहान फळातल्या बिया मात्र छान कुरकुरतात, आणि खरी मजा तीच. किंमत ताडताना व्हिनेगर निथळल्यावरचं वजन वाचा, एकूण नव्हे.

कळ्या मात्र मिठातल्याच घ्या. इटलीच्या पँतेल्लेरिया बेटावरच्या कळ्यांना 1996 पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. केपरचा झणका मोहरीच्या झणक्याच्याच जातीचा. व्हिनेगरच्या आंबटपणाखाली तो दबतो, मिठात टिकतो. कळीवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी समजून टाकू नका, ते बहुधा तिच्यातल्याच रुटिन नावाच्या नैसर्गिक घटकाचे कण असतात.

मिठातल्या कळ्या आधी धुवा, मग अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मध्ये दोनदा पाणी बदला. एक चावून बघा. अजून खारट लागली तर आणखी दहा मिनिटं. व्हिनेगरच्या फळांना नुसतं खळबळून घेतलं तरी पुरे. पदार्थात मीठ शेवटी, चव घेऊनच. केपरही गॅस बंद करतानाच घाला, फार वेळ शिजले तर झणका उडून जातो. तळायच्या असतील तर कळ्या फडक्याने कोरड्या टिपा, नाहीतर तेल अंगावर उडतं. नीट तळलेली कळी पाकळ्या उघडून फुलासारखी होते.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडा वापरा. वर उघडं राहिलेलं फळ आधी नासतं, म्हणून व्हिनेगर कमी पडलं तर वरून घाला. फळं बुळबुळीत झाली किंवा झाकण उघडताना फसफसलं, तर सगळी बाटली टाकून द्या.