जिवंत उंदरातील मुक्त मूलकांसाठी बदलून घेतलेला एमआरआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गटाने कमी चुंबकक्षेत्राच्या एमआरआय यंत्रावर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सची (मूलकांतील इलेक्ट्रॉनना रेडिओलहरींनी उत्तेजित करणारी) कॉइल बसवून घेतली, त्याला बरेच महिने झाले. अशी जोडणी करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: शरीरात तयार होणारी मुक्त मूलके (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले क्रियाशील रेणू) या यंत्रावर थेट दिसत नाहीत. हायड्रॉक्सिल मूलक तर नॅनोसेकंदांतच संपते. म्हणून कार्बामॉइल-प्रॉक्सिलसारखे टिकाऊ नायट्रॉक्साइड (स्वतःच एक स्थिर मूलक असलेले संयुग) शिरेतून द्यावे लागते, आणि त्याचा सिग्नल किती वेगाने ओसरतो यावरून ऊतींच्या रेडॉक्स स्थितीचे (ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांच्या समतोलाचे) अनुमान काढावे लागते.

क्षेत्र कमी ठेवण्याला पर्याय नाही. नेहमीच्या १.५ टेस्लाला इलेक्ट्रॉनना उत्तेजित करणाऱ्या लहरींची वारंवारता सुमारे ४२ गिगाहर्ट्झ होते आणि त्या लहरी त्वचेच्या आतच शोषल्या जातात. १० मिलिटेस्लाला ती २८० मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि उंदराच्या शरीरात खोलवर पोहोचते. एरवी इतक्या कमी क्षेत्रात पाण्याचा सिग्नल अगदी क्षीण असतो, परंतु भौतिकशास्त्रज्ञ ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये वर्तवलेल्या परिणामामुळे इलेक्ट्रॉनचे ध्रुवीकरण (स्पिनांची एका दिशेची मांडणी) पाण्यातील प्रोटॉनकडे जाते आणि नायट्रॉक्साइड असलेला भाग ठळक होतो.

पहिल्या प्रतिमांत मूत्रपिंडे लखलखीत दिसतात, मग ती फिकी होत जातात आणि मूत्राशय उजळू लागतो. हे दृश्य मला आजही विलक्षण वाटते, पण अर्थ लावताना सर्वांत जास्त सावधगिरी इथेच हवी, कारण सिग्नल घटला तो ॲस्कॉर्बेटसारख्या (क जीवनसत्त्व) घटकांनी क्षपण करून नायट्रॉक्साइडचे सिग्नल न देणारे हायड्रॉक्सिलअमाइन केल्यामुळे, की ते लघवीवाटे निघून गेल्यामुळे, हे प्रतिमा सांगत नाही. आम्ही रक्ताच्या नमुन्यात फेरीसायनाइड घालून हायड्रॉक्सिलअमाइनचे पुन्हा मूलक करतो आणि एकूण प्रमाण ताडून पाहतो. एवढे केल्याशिवाय ऑक्सिडेटिव्ह ताणाविषयी (मूलकांमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाविषयी) विधान करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. इलेक्ट्रॉन संपृक्त करायला (म्हणजे वरील ध्रुवीकरण प्रोटॉनकडे नेण्याइतके उत्तेजित करायला) लागणाऱ्या रेडिओलहरींच्या शक्तीने प्राण्याचे शरीर तापते, आणि तापमान किंवा भुलीची खोली बदलली की क्षपणाचा वेगही बदलतो. फायबर-ऑप्टिक तापमापक म्हणूनच अनिवार्य समजावा.

ज्यांच्याकडे उच्च क्षेत्राचे यंत्र आधीपासून आहे, त्यांनी लगेच नवी जोडणी करू नये. नायट्रॉक्साइड टी-वन (पाण्यातील प्रोटॉनना मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ) कमी करते, त्यामुळे त्याचा ऱ्हास साध्या एमआरआयवरही मोजता येतो. तिथे मात्रा जास्त लागते, मात्र शरीररचनेचा तपशील अधिक स्पष्ट मिळतो.