लहान स्टुडिओसाठी डाविंची रिझॉल्व्ह: कोणत्या संगणकावर घ्यावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नकार्याचे चित्रीकरण करणारे बहुतेक स्टुडिओ एक-दोन माणसांवर चालतात. दिवसा कॅमेरा धरणारा माणूसच रात्री मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, बसतो आणि लग्नसराईत काम अंगावर आले की हार्ड डिस्क कोल्हापूरच्या एखाद्या एडिटरकडे रवाना होते. यांपैकी अनेकांचे संगणक आता बदलायला आले आहेत. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे आणखी वर्षभर काढू म्हणणाऱ्यांनाही निर्णय फार काळ लांबवता येणार नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. एडिटिंग आणि रंगकामाचे सॉफ्टवेअर म्हणून डाविंची रिझॉल्व्हची पैसे देऊन मिळणारी ‘स्टुडिओ’ आवृत्ती घ्यावी, आणि संगणक कोणता, हे आपल्या कॅमेऱ्यातून कोणत्या प्रकारची फाइल निघते त्यावरून ठरवावे. संगणकाच्या दुकानात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तेथे रॅम किती आणि ग्राफिक्स कार्ड कोणते, एवढ्यावरच बोलणे आटोपते.

कॅमेरे चित्र आकसून साठवण्यासाठी ज्या एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धती वापरतात, त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, एवढीच नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर मधलीच एखादी फ्रेम दाखवायची झाल्यास संगणकाला आधीच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यासाठी खास बसवलेला भाग, म्हणजे हार्डवेअर डीकोडर, प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असेल तर चित्र अडखळत नाही. नसेल तर महागडा संगणकही टाइमलाइनवरची सुई (प्लेहेड) हलवताच धापा टाकू लागतो. बिटचा आकडा रंगांच्या छटा किती बारीक नोंदल्या ते सांगतो आणि ४:२:० किंवा ४:२:२ हे आकडे रंगाची माहिती किती राखली ते; दोन्हींत मोठा आकडा म्हणजे अधिक माहिती. जुन्या कॅमेऱ्यांची ८-बिट ४:२:० फाइल आता जवळपास कोणताही संगणक पेलतो. अडचण येते ती नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या १०-बिट ४:२:२ एच.२६५ फाइलची. रंग दुरुस्त करण्यासाठी ती फाइल फार गुणाची आहे. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या आणि निळ्या दिव्यांच्या सरमिसळीत वधूच्या चेहऱ्याचा रंग सांभाळायचा, तर तीच उपयोगी पडते. परंतु एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकांतील कार्डांना ४:२:२ उलगडता येत नाही. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळू लागली. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स, ज्यातील या सोयीला क्विक सिंक म्हणतात, ते काम मुकाट्याने करते.

येथेच कोटेशन नीट वाचायला हवे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि पर्यायाने क्विक सिंकही नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवणारच आहोत म्हणून तोच घ्या, असे सुचवले जाते. गेम खेळणाऱ्याला तो सल्ला योग्य असेल, पण ४:२:२ फुटेज घेऊन बसणाऱ्या एडिटरने तेवढे पैसे वाचवू नयेत. वेगळे कार्डही हवेच, कारण रिझॉल्व्ह रंगकाम आणि इफेक्ट यांचा बहुतेक भार त्यावर टाकतो. कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली की ग्राफिक्स मेमरी भरल्याचा संदेश येतो आणि रेंडर, म्हणजे अंतिम फाइल काढण्याचे काम, मध्येच थांबते. म्हणून फोर-केचे काम करणाऱ्याला १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० सारखे जुने कार्डसुद्धा कमी मेमरीच्या नव्या कार्डापेक्षा अधिक साथ देते.

आता रिझॉल्व्हविषयी. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने २००९ मध्ये रिझॉल्व्ह बनवणारी डाविंची सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली आणि पूर्वी फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडणारे हे रंगकामाचे साधन हळूहळू पूर्ण एडिटिंग सॉफ्टवेअर बनवले. त्याची मोफत आवृत्ती विनामूल्य म्हणून दुबळी नाही: अल्ट्रा एचडी आकारात आणि ६० फ्रेमपर्यंत ती फाइल काढून देते व त्यावर कोणताही शिक्का उमटवत नाही. ज्याला शिकायचे आहे त्याने तीच घ्यावी. व्यवसायासाठी मात्र स्टुडिओ आवृत्ती, कारण विंडोजवर हार्डवेअर डीकोडिंगचा पूर्ण लाभ तिच्यातच मिळतो, आणि अंधाऱ्या सभागृहातील चित्रावरचे दाणे काढणारे नॉइज रिडक्शनही तिच्यातच आहे. तिची अमेरिकेतील किंमत २९५ डॉलर आहे. ती एकदाच भरायची असते, एका परवान्यावर दोन संगणक चालतात, आणि आजवरच्या नव्या आवृत्त्यांसाठी कंपनीने वेगळे पैसे मागितलेले नाहीत. अ‍ॅडोबीचे प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर २०१३ पासून वर्गणीवर गेले. ज्याचे काम वर्षातून काही महिनेच जोरात चालते आणि ऐन पावसाळ्यात जवळजवळ थांबते, त्याला बाराही महिन्यांची वर्गणी जड जाते. मग अनेक जण क्रॅक केलेली प्रत वापरतात. ग्राहकाच्या घरचे, पुन्हा कधीही न घडणारे क्षण अशा प्रतीच्या भरवशावर ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

आपल्याकडच्या जुन्या जाणत्या मिक्सिंगवाल्यांचा जीव एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गुंतलेला असतो आणि त्याला सबळ कारण आहे. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फाइल एकाच टाइमलाइनवर टाकून ताबडतोब कापायला बसता येणे, ही सोय एडियसने फार लवकर दिली. तीन तासांचा पूर्ण विधी झटपट कापून द्यायचा असेल तर आजही त्याचा हात धरणे अवघड आहे. ते फक्त विंडोजवर चालते. रंगकामात रिझॉल्व्ह त्याच्या बराच पुढे आहे आणि आता ग्राहक हायलाइट, म्हणजे निवडक क्षणांची छोटी फिल्म, पाहूनच स्टुडिओ निवडतो, म्हणून माझे झुकते माप रिझॉल्व्हला.

मल्टिकॅमबद्दल, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे चित्र एकत्र जुळवण्याबद्दल, एक अनुभव नोंदवण्यासारखा आहे. मंगलाष्टकांच्या वेळी सर्व कॅमेऱ्यांना एकाच ध्वनिक्षेपकाचा आवाज मिळतो, त्यामुळे रिझॉल्व्ह आवाजावरून सगळे कॅमेरे अचूक जुळवतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत तसे होत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे ढोल-ताशापासून १४ मीटर दूर असलेल्या कॅमेऱ्याचा आवाज जवळच्या कॅमेऱ्यापेक्षा एका फ्रेमने मागे पडतो. गच्चीवरून ४० मीटर अंतराने घेतलेल्या चित्रात हा फरक तीन फ्रेमचा होतो, आणि टिपरू ताशावर आदळताना दिसते तेव्हा तो डोळ्यांना खुपतो. अशा वेळी आपोआप झालेल्या जुळणीवर विसंबू नये. टिपरूचा आघात पाहून दूरचा कॅमेरा हाताने सरकवावा.

मॅकचा विचार करणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एम ४ मॅक मिनी हा पहिला असा मॅक आहे, की जो मी लहान स्टुडिओला निःसंकोच सुचवीन. भारतात तो ५९,९०० रुपयांपासून आला, त्यात १६ जीबी मेमरी असते, आणि १०-बिट ४:२:२ एच.२६५ फाइल तो सहज उलगडतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे त्याचा आणखी एक गुण कळतो: त्याचा वीजपुरवठा जास्तीत जास्त १५५ वॅटचा आहे, तर आरटीएक्स ३०६० हे नुसते कार्डच १७० वॅटपर्यंत घेते. घरच्या इन्व्हर्टरवर मॅक मिनी निवांत चालतो. उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत. मेमरी नंतर वाढवता येत नाही. मूळ साठवण २५६ जीबीची आहे, आणि सेकंदाला १०० मेगाबिटच्या फाइलचा एक तास ४५ जीबी जागा घेतो. दोन कॅमेऱ्यांचे पाच-पाच तास म्हणजे ४५० जीबी. बाहेरून एसएसडी जोडणे अटळ आहे. ग्राहकाने किंवा सहकाऱ्याने आणलेली एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणून देवाणघेवाणीच्या सर्व डिस्क दोन्हींकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीच्या ठेवाव्या लागतात. विंडोजचा जुळवलेला संगणक बिघडला तर एक एक भाग बदलून त्याच दिवशी कामाला लावता येतो, हा फायदा ऐन वैशाखात लहान नसतो. दोन-तीन माणसांच्या स्टुडिओने विंडोज घ्यावे, एकट्याने काम करणाऱ्याने मॅक मिनी.

लिनक्सवर रिझॉल्व्ह चालते, परंतु तेथील मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ फाइल उघडतच नाही. लग्नाच्या कामात दुसरे काही नसतेच, त्यामुळे तेथील मोफत रिझॉल्व्हचा विषय येथेच संपतो. पैसे अजिबात घालायचे नसतील तर लिनक्सवर केडेनलाइव्ह हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर आहे. ते अशा फाइल घेते आणि साध्या कापाकापीला पुरते.

आपल्या भागात शीर्षकांचे काम दुप्पट असते. वर निपाणीचा आणि वधू गोकाकची असेल तर नावे मराठीत आणि कन्नडमध्येही लागतात. देवनागरी जोडाक्षरे आणि कन्नडमध्ये अक्षराखाली येणारी जोडरूपे प्रत्येक सॉफ्टवेअरला सारखी जमत नाहीत. प्रीमिअरमध्ये तर त्यासाठी मजकुराचे दक्षिण आशियाई इंजिन सेटिंगमध्ये जाऊन निवडावे लागते. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वी ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रद्धा’ आणि ‘लक्ष्मी’ ही तीन नावे त्याच्या शीर्षकात टाइप करून पाहावीत. कुठेही पाय मोडलेला दिसला तर शीर्षक इंकस्केप या चित्र काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणावे. दोन लिपी शेजारी शोभून दिसाव्यात यासाठी देवनागरीला बालू २ आणि कन्नडला बालू तम्मा २ हे एकाच घराण्यातील मोफत युनिकोड फॉन्ट उत्तम जुळतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर सरळ उचलून आणला, तर तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय अक्षरे वाचण्याजोगी दिसत नाहीत.

शेवटी पेनड्राइव्हचे. कितीही उत्तम १०-बिट काम केले तरी गावातल्या दिवाणखान्यातील जुना टीव्ही बहुधा ८-बिट एच.२६४ आणि फुल एचडीच बिनतक्रार चालवतो. त्याला फॅट ३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह कळत असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत बसली पाहिजे. म्हणून पूर्ण विधी हळद, लग्न, वरात असे भाग पाडून काढावा आणि फोर-केची प्रत स्वतंत्र डिस्कवर द्यावी. संगणक घ्यायला दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याचे कार्ड बरोबर न्यावे, रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती असलेल्या संगणकावर त्यातील दोन कॅमेऱ्यांचे फुटेज एकावर एक लावून चालवून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.