पीक विमा: निपाणी भागात दीड-दोन एकरवाल्यानं काढावा का?

काढावाच. दीड एकर सोयाबीनला मी दरवर्षी पंतप्रधान फसल विमा काढतोय, कारण मोठ्या शेतकऱ्याचं एक पीक गेलं तरी त्याचा ऊस उभा असतो, आपलं सोयाबीन गेलं की सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर राहतंय. खरिपाच्या सोयाबीनला आपण विमा रकमेच्या 2 टक्केच भरायचे, म्हणजे 40 हजाराचा विमा असला तर 800 रुपये, वरचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. पलीकडं महाराष्ट्रात कागलच्या पाव्हण्यांना 2023 पासून एक रुपयात मिळायचा म्हणून इकडं लई जण नाराज होते, पण 2025 पासून तिकडं पण 2 टक्केच झालाय.

काम ग्राम वन केंद्रात, म्हणजे कर्नाटक सरकारच्या गावातल्या सेवा केंद्रात झालं. आधार, पासबुक, उतारा आणि एफआयडी (शेतकरी नोंदणीचा) नंबर घेऊन जावा. केंद्रातलं पोरगं मराठी बोलणारं, नीट सांगत होतं, पावती मात्र कन्नडमधे, ती तिथंच उभं राहून त्याच्याकडनं वाचून घ्या: सर्व्हे नंबर, पीक, एकर-गुंठे, खातं नंबर. आमच्या बांधालगतच्या मामांनी विमा सोयाबीनचा काढलेला आणि सरकारी पीक पाहणीत त्याच नंबरला ऊस चढलेला, झालं, क्लेम अडकला. म्हणून पाहणीला माणूस येतोय म्हटल्यावर आपण स्वतः रानात पाहिजेच.

आता राग कशाचा असतो तर माझं पीक गेलं आणि पैसे आले नाहीत. बघा, भरपाई एकट्याच्या रानावर ठरत नाही, पंचायतीत पीक कापणी प्रयोग (काही रानांतलं पीक कापून उत्पन्न मोजणं) होतात आणि सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखाली गेलं तरच पैसे येतात, हे काढतानाच कुणी सांगत नाही आणि मग लोकांचा विश्वास उडतो, हे मला खरंच खटकतं. गारपीट झाली, रानात पाणी तुंबलं किंवा कापून वाळत टाकलेलं सोयाबीन कापणीपासून 14 दिवसांच्या आत अवकाळीत भिजलं तर मात्र तुमच्या एकट्याच्या रानाचा पंचनामा होतो, पण 72 तासांच्या आत 14447 या पीक विम्याच्या हेल्पलाइनला फोन करून कळवायला पाहिजे. फोटो काढा, तक्रार नंबर लिहून ठेवा.

पैसे यायला उशीर होतो, त्यासाठी माझ्याकडनं या विम्याला एक स्टार कमी.

आणि 2020 पासून कर्जदाराला पण सक्ती नाही, त्यामुळं बँकेनं हप्ता कापला असेल असं धरून बसू नका, शेवटच्या तारखेआधी जाऊन विचारा.