पोकळ पायांचा टर्नटेबल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, घरघरीबद्दल गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं. बेल्ट बदलण्याचे १,१०० रुपये परत मिळणार नाहीत. बेल्ट चांगलाच होता, घरघर बेल्टची नव्हतीच, हे मी त्यांना तीनदा लिहून कळवलं होतं. कंपनीचं नाव इथे देत नाही. दिवाळीच्या पाडव्याला घेतलेला बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहे, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने रेकॉर्ड फिरवते; कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, बदलता येतो. बाकी तपशील अशा टर्नटेबलमध्ये जे मिळतात तेच.

पहिले दोन महिने मी खूश होतो. वेग स्थिर, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हलका, नाट्यसंगीताच्या जुन्या एलपी धुऊन लावल्यावर ऑर्गनचे सूर सरळ उभे राहायचे. मग डिसेंबरात आवाज जरा मोठा केला आणि डग्ग्याचा घुमारा थांबेचना. बोल संपला तरी खाली हूं... असं चालूच. टॉर्च मारून वूफर (खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर) पाहिला, तर गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतही त्याचा कोन, म्हणजे पडदा, आतबाहेर हलत होता. आई देवघराकडे जायला समोरून गेली की सुई उडायची, ते वेगळंच.

घरी आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, मोटरचा आवाज आहे. आधी बेल्ट बदलून बघू." मीही मान डोलावली. नवा बेल्ट बसला, बिल भरलं, हूं तसाच.

पुढच्या चाचण्या फुकटात होतात. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी त्या नक्की करा. सुई उचलून ठेवा आणि व्हॉल्यूम वाढवा. तरीही हम्म येत असेल तर ती विजेची आहे, ५० किंवा १०० हर्ट्झची (सेकंदाला तितकी कंपनं). अर्थिंगची तार तपासा. माझ्याकडे शांतता होती. मग मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेका, व्हॉल्यूम हळूहळू चढवा आणि टर्नटेबल ज्यावर ठेवलाय त्या फळीवर बोटाने टिचकी मारा. माझ्याकडे स्पीकरमधून ढोलावर थाप पडावी तसा आवाज आला आणि तो विरायच्या ऐवजी वाढत गेला. मोटर बंद असताना! शेवटी हेडफोन लावून तीच एलपी ऐकली, हूं गायब. म्हणजे स्पीकरचा आवाज फळीतून सुईपर्यंत पोचत होता, सुईकडून पुन्हा स्पीकरमध्ये जात होता. मोटरचा यात काही दोष नव्हता.

फळी म्हणजे पार्टिकल बोर्डचं सहा फुटी टीव्ही युनिट. दोन टोकांना दोन स्पीकर, मधोमध टर्नटेबल. ही मांडणी चूकच होती आणि ती माझी होती. पण पायांचं काय?

पायांबद्दल मला सविस्तर लिहायचंच आहे. वरून पाहिलं तर भरीव रबर वाटतं. स्क्रू काढला तेव्हा दिसलं: पोकळ प्लॅस्टिकची वाटी आणि तळाला चिकटवलेली दोन मिमीची रबरी चकती. स्प्रिंग असो की रबर, वजनाखाली ते जितकं दबेल तितकी त्याची स्वतःची कंपनसंख्या खाली येते. १० मिमी दबलं तर साधारण ५ हर्ट्झ, १ मिमी दबलं तर १६ हर्ट्झ. थरथर अडायला लागते ती या आकड्याच्या जवळपास दीडपटीच्या वर. त्या आकड्याच्या आसपास तर ती उलट वाढते. ही चकती केसभर दबते. म्हणजे जिथे अडवायला हवं नेमकं तिथेच ती हातभार लावते. धातूचा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) दिला, बरा टोनआर्म दिला आणि पायांत शंभर-दोनशे रुपये वाचवले, याचा मला आजही राग येतो.

फरशीवाल्याकडून कडप्प्याचा उरलेला तुकडा २५० रुपयांत आणला, दीड फूट बाय सव्वा फूट, साधारण बारा किलोचा. नुसता फळीवर ठेवला तर काहीच फरक नाही; दगड थरथर अडवत नाही, पुढे पोचवतो. मग लहान मुलांच्या सायकलची ट्यूब आणली, १२ इंची, अर्धवट फुगवली, तिच्यावर कडप्पा आणि त्यावर टर्नटेबल. पाणसळ ठेवून पातळी जुळवायला अर्धा तास गेला. टिचकी मारली, स्पीकर गप्प. आणखी जोरात मारली, गप्प. त्या रात्री दोन वाजेपर्यंत रेकॉर्डी ऐकल्या. डग्ग्यावर मनगट घासत जातं ती मींड वर चढून संपते कुठे, हे पहिल्यांदा कळलं.

पायांचा आणि ट्यूबचा मजकूर मी मार्चमध्ये लिहून ठेवला होता आणि शेवटी "सगळा दोष पायांचा" असं ठोकून दिलं होतं. तेवढं मागे घेतो. हूं गेला, पण वूफर हलायचा थांबला नव्हता. काही एलपींवर कोन अगदी तालात आतबाहेर जायचा. घड्याळ लावून मोजलं: दर १.८ सेकंदांनी एक झोका. ३३⅓च्या वेगात रेकॉर्डचा एक फेरा तेवढ्याच वेळात होतो. म्हणजे रेकॉर्डच वाकडी. त्या झोक्यावर आणखी एक बारीक फडफड होती, ती मात्र कार्ट्रिजची.

टोनआर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं वजन) १२ ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून ७, एकूण १९. कार्ट्रिजची कंप्लायन्स (सुईचा लवचिकपणा) २५. १९ गुणिले २५चं वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ला भागा: ७.३ हर्ट्झ. हा आकडा ८ ते १२च्या मध्ये हवा. त्याखाली गेला की रेकॉर्डच्या वाकडेपणाने टोनआर्म स्वतःच डोलायला लागतो. त्यात फोनो प्रीअँपचं, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचं, काम असं की १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९ डेसिबल जास्त उचलायचं. माझे स्पीकर मागे भोक असलेले. ते भोक ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट सुटतो. ऐकू काहीच येत नाही, अँप मात्र तापतो.

मित्राकडे १२ कंप्लायन्सचं कार्ट्रिज पडून होतं. अदलाबदल केली. वजन जवळपास तेच, हिशेब १०.५ हर्ट्झ. फडफड तीन चतुर्थांश गेली, खर्च शून्य. जुन्या जपानी अँपवर सबसॉनिक फिल्टरचं, म्हणजे ऐकू न येणारी खालची कंपनं गाळायचं, बटण असायचं. आता फोनो प्रीअँप घेताना मी आधी तेच शोधतो आणि तुम्हीही शोधा.

सुई उडण्यावर ट्यूबचा उपयोग झाला नाही. मऊ आधारावर पावलांचा धक्का उलट जास्त जाणवतो. त्यासाठी बाहेरच्या विटांच्या भिंतीला लोखंडी अँगल ठोकून कडप्पा तिथे नेला. ट्यूब खाली आहेच. दर दुसऱ्या रविवारी हवा भरावी लागते आणि पाणसळ पुन्हा लावावी लागते. आता आई निर्धास्त चालते.

टर्नटेबल ठेवतोय, विकणार नाही. पण पाय बदलायची तयारी नसेल तर घेऊ नका.

राहिली ती कोलकात्याजवळच्या डमडमला छापलेली अभंगांची एक एलपी, कडेला चांगलीच वाकलेली. काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा सल्ला मिळाला. माझी हिंमत नाही. पण ती मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं आणि रेकॉर्डचा वाकडेपणा मुख्यतः उभ्या. डावा-उजवा चॅनेल एकत्र केला की उभी हालचाल आपसात कापली जाते. दीडशे रुपयांच्या दोन वाय केबल आणून कार्ट्रिज आणि प्रीअँपच्या मध्ये जोडल्या. सुई अजूनही लाटेवर चढल्यासारखी वरखाली होते, आणि वूफर जागचा हलत नाही.