अंबरनाथ की गोंदेश्वर?

देवळं बांधायची भूमिज शैली समजून घ्यायची असेल तर आधी सिन्नरचं गोंदेश्वर बघा. यादवकाळातलं हे पंचायतन: मधे शिव, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती. एकाच जोत्यावर पाचही देवळं, समोर नंदीमंडप. मुख्य शिखर जवळपास शाबूत आहे. चारही बाजूंनी वर चढणाऱ्या नक्षीदार पट्ट्या आणि त्यांच्यामधे ओळीने रचलेली, वर जाताना लहान होत जाणारी छोटी शिखरं. भूमिज म्हणतात ते हेच.

अंबरनाथला नेमकं हेच हुकतं, कारण शिखराचा वरचा भाग आता नाही. पण भिंतींसमोर उभं राहिलं की ती उणीव विसरायला होते! शिलाहार राजांचं हे देऊळ शिलालेखानुसार शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चं. तळाशी हत्तींची रांग, वर कोनाकोनात मूर्ती, बोटभरही जागा मोकळी नाही. गाभारा मंडपापेक्षा खोल. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जायचं आणि वर पाहिलं तर आभाळ.

मूर्तिकामासाठी माझा कौल अंबरनाथला. मात्र दोन्हीकडे सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात कोरीव काम जास्त उठून दिसतं.