आठ महिने वापरलेला थर्मास आणि ती झाकणाची रिंग
स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ते लिहीत नाही. एक लिटरचा, नागपूरच्या बर्डीवरून 1,150 ला घेतला. मे महिन्यात रामटेकचा गड चढायचा सराव करायची तेव्हा रात्री टाकलेला बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारी आत खडखड वाजायचा, म्हणून इक्वेडोरच्या ज्वालामुखींवर हाच न्यायचं ठरलं.

पहिला सराव रुकू पिचिंचा, 4,696 मीटर. केबल कार जवळपास 3,950 पर्यंत नेते, पुढे चालायचं, वर जाऊन यायचं आणि झोपायला परत राजधानी किटोला, 2,850 वर, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते. आपण नागपूरची, 310 मीटरवरची माणसं, तिथे दहा पावलांत धाप लागते, कोरड्या हवेत सारखं काहीतरी प्यावं लागतं, आणि थर्मास उघडला तर चहा कोमट! खाली आल्या आल्या रिव्ह्यूत एक स्टार टाकला.

तो बदलला. आमचे लीडर दादा म्हणाले, "ताई, किटोतच पाणी 90-91 अंशाला उकळून राहिलं, कोटोपाक्सी ज्वालामुखीवरच्या मुक्कामाच्या हटवर, 4,864 मीटरला, 84 च्या आसपास उकळते. भरतानाच चहा कमी गरम आहे ना." खरंच की, थर्मासचा काय दोष. चार स्टार केले.

पण रिंग! झाकणातली सिलिकॉनची रिंग खाचेत नुसती बसवलेली असते, पकड काहीच नाही. इलिनिसा नॉर्ते शिखराच्या (5,126) खडकांत जाड हातमोज्यांनी झाकण फिरवलं तर ती सुटून आली, वाऱ्याने उडाली आणि माझ्या डोळ्यांसमोर दगडांच्या फटीत गेली. सॅकमध्ये चहा सांडला, डाऊन जॅकेटची बाही ओली झाली, आतलं पीस चिकटून गोळे झाले. ओल्या पिसाला ऊब नसते, आणि दोन दिवसांनी मध्यरात्री कोटोपाक्सीला (5,897) निघायचं होतं! दोन्ही रात्री ती बाही स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून वाळवली. वर पोचले, पण दुसऱ्यांच्या बाटलीतलं पीत.

नागपूरला येऊन सर्व्हिसवाल्यांना चार फोन केले. "रिंग सुटी मिळत नाही मॅडम, पूर्ण झाकण घ्या, 380." काऊन? एवढ्याशा रबरासाठी पूर्ण झाकण? दोन स्टार, आणि ते आता बदलणार नाही.

शेवटी इतवारीत कुकर दुरुस्त करणाऱ्या काकांनी गॅस्केटमधून रिंग कापून दिली, 20 रुपये, दोनदा घासून घट्ट बसवली. काल रात्री थर्मास भरून पेपरवर आडवा ठेवला. सकाळी पेपर कोरडा होता.